जर्बिलचे अनपेक्षित वेत

दुकानातून ‘दोघी बहिणी’ म्हणून आणलेले दोन जर्बिल काचेच्या पेटीत महिनाभर सुखाने नांदतात. आणि एके दिवशी पहाटे, कागदाच्या कपट्यांच्या ढिगातून चिमणीच्या पिलांसारखा बारीक चिवचिवाट ऐकू येतो. ढीग बाजूला सारून पाहावे तो आत करंगळीच्या पेराएवढे, गुलाबी, पारदर्शक कातडीचे पाच-सहा जीव वळवळत असतात. दोघींपैकी एक बहीण नव्हतीच, हे तेव्हा उमगते. जयपूरच्या तटबंदीच्या आतील जुन्या हवेलीत काय किंवा बाहेरच्या नव्या वसाहतीत काय, हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. आणि तो आला की घरातील लहानथोर सर्वांच्या मुखी एकच प्रश्न असतो : आता करावयाचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर थोडे विचित्र आहे. पहिल्या दोन आठवड्यांत करावयाचे ते फार थोडे, आणि करू नये असे मात्र पुष्कळ असते. पिल्ले पुनःपुन्हा पाहावीत, हातात घेऊन मोजावीत, पेटी स्वच्छ करून नवे अंथरूण घालावे, अशा तीन इच्छा माणसाच्या मनात एकदमच येतात. तिन्ही प्रेमापोटी येतात आणि तिन्ही घातक ठरू शकतात. ज्या वासाच्या खुणेवर मादी आपले घरटे ओळखते ती खूण साफसफाईत नाहीशी होते. आणि वारंवार उघड्या पडणाऱ्या घरट्यात आपली पिल्ले सुरक्षित नाहीत असे वाटू लागलेली मादी ती तोंडात धरून पेटीभर सैरावैरा धावते, कोठेतरी पुरून ठेवते, तर कधी मारूनही टाकते. तिला क्रूर म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. ती ज्या कुळातील आहे त्या कुळाचा सारा संसार जमिनीखाली, अंधारात, कोणी पाहत नसताना चालतो.

त्या कुळाची थोडी ओळख करून घेतल्यास पुढचे सारे समजणे सोपे जाईल. ‘जर्बिल’ हे नाव मूळ अरबी ‘यर्बू’ ह्या शब्दावरून, लॅटिन व फ्रेंच भाषांतून फिरत फिरत आलेले आहे. मराठी कानाला ते परके वाटते. प्राणी मात्र परका नाही. तो उंदरासारखा कृंतक प्राणी; पण शेपटी केसाळ, तिच्या टोकाला झुबका, डोळे मोठे व काळेभोर, आणि मागचे पाय लांब. हार्डविक ह्यांनी १८०७ मध्ये शास्त्रीय वर्णन केलेला भारतीय जर्बिल, म्हणजे टाटेरा इंडिका, हा महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतांतही आढळतो आणि जयपूरभोवतीच्या बाजरीच्या शेतांतही. जुन्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचे हिंदी नाव ‘हरना मूस’ असे नोंदवून ठेवले आहे. हरणासारख्या उड्या मारणारा उंदीर! नाव ठेवणाऱ्याने रात्री कंदिलाच्या उजेडात त्याला शेताच्या बांधावरून पळताना पाहिले असले पाहिजे.

जयपूरहून वायव्येला शेखावाटीकडे आणि पुढे चुरू-बिकानेरकडे जाऊ लागले की वाळू वाढते, पाऊस कमी होत जातो आणि दुसरा एक जर्बिल दिसू लागतो. हा मरुभूमीतील जर्बिल, मेरिओनिस हुरिआनी. जेर्डन ह्यांनी १८६७ मध्ये त्याचे वर्णन केले; नावातील ‘हुरिआनी’ म्हणजे हरियाणा. टाटेरा रात्रीचा, तर हा दिवसाढवळ्या वावरणारा. वाळूच्या टेकाडावर शेकडो बिळांची वसाहत, आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर ताठ बसून आकाशात घार-ससाणा दिसतो का हे पाहणारा एखादा पहारेकरी, हे मारवाडातील नित्याचे दृश्य आहे. जोधपूर येथे १९५९ मध्ये आकारास आलेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजेच ‘काजरी’त, डॉ. ईश्वर प्रकाश ह्यांनी ह्या आणि अशा कृंतकांच्या अभ्यासात आपले आयुष्य वेचले. पी. के. घोष ह्यांच्यासह त्यांनी संपादित केलेला मरुप्रदेशांतील कृंतकांवरील ग्रंथ १९७५ साली हेग येथून प्रसिद्ध झाला. केवळ कोरड्या दाण्यांवर, पाण्याच्या थेंबाशिवाय हे प्राणी दीर्घ काळ कसे तगतात, त्यांची मूत्रपिंडे पाणी कसे राखतात, त्यांची वेत केव्हा होतात, अशा अनेक प्रश्नांवर जोधपुरात काम झाले. अवर्षणानंतर चांगला पाऊस झाला की त्यांची संख्या कशी भराभर वाढते, हे तर राजस्थानचा शेतकरी पूर्वीपासूनच जाणून होता. त्याच्या दृष्टीने जर्बिल हा पेरलेले उकरून खाणारा शत्रूच होय.

पेटीतून पाळला जाणारा जर्बिल मात्र ह्या दोहोंपैकी नव्हे. तो मेरिओनिस ह्याच प्रजातीतील, पण मंगोलियाकडचा. मरुभूमीतील जर्बिलचा चुलतभाऊ म्हणावा असा. त्याची कथा मनोरंजक आहे. १९३५ मध्ये आमूर नदीच्या खोऱ्यात त्याच्या वीस जोड्या पकडण्यात आल्या आणि त्या जपानमधील किटासाटो संस्थेत संशोधनासाठी नेण्यात आल्या. त्यांच्या वंशजांपैकी अकरा जोड्या १९५४ साली अमेरिकेत डॉ. व्हिक्टर श्वेंटकर ह्यांच्याकडे गेल्या. तेथून १९६४ मध्ये काही ब्रिटनमध्ये पोहोचल्या. आज जगभरच्या घरांतून पाळले जाणारे जर्बिल बहुतांशी ह्याच मूठभर पूर्वजांची प्रजा आहेत. भारतात तो फार घरांत नाही. पण मोठ्या शहरांच्या दुकानांतून येतो, आणि नर-मादीची पारख न करताच विकला जातो. कोवळ्या वयात ही पारख दुकानदारालाही साधत नाही. कधी तर विकत घेतानाच मादी गाभण असते.

हा प्राणी गर्भ चोवीस ते सव्वीस दिवस वाहतो. ज्याने ‘बहिणी’ घरी आणल्या त्याला महिन्याच्या आतच वेत कसे झाले, ह्याचे उत्तर ह्या आकड्यात आहे. शेवटचे काही दिवस सोडले तर मादीचे पोट फारसे दिसत नाही. एका वेतात बहुधा चार ते सात पिल्ले होतात आणि प्रत्येकाचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरते. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले, कान कातडीला चिकटलेले, अंगावर लव नाही आणि दात नाहीत. स्वतःच्या शरीराची ऊब राखण्याचे सामर्थ्यही त्यांच्यात नसते. ह्या शेवटच्या उणिवेतच साऱ्या संगोपनाचे मर्म आहे. पिल्लू भुकेने मरण्यापूर्वी थंडीने मरते. घरट्यापासून वीतभर दूर राहिलेले पिल्लू गार पडते. गार पडलेले पिल्लू दूध ओढू शकत नाही. आणि न पिणारे पिल्लू अधिकच गार होते.

म्हणून पहिली काळजी घरट्याची. पेटीत रंग वा छपाई नसलेल्या मऊ कागदाचे कपटे आणि वाळलेले गवत भरपूर टाकावे. ते घरट्याशेजारी ठेवावे, घरट्यात कोंबू नये. मादी आणि नर मिळून आपल्याला हवे तेवढे ओढून नेतात. जयपूरच्या घरांत येथे एक विशेष धोका संभवतो. हे रजयांचे शहर आहे, आणि कडाक्याच्या जानेवारीत नागडी पिल्ले पाहून कोणाचाही हात रजईतल्या पिंजलेल्या कापसाकडे जाणे स्वाभाविक आहे. कापूस मात्र कटाक्षाने टाळावा. त्याचे धागे इवल्या पायांभोवती गुंडाळतात, रक्त थांबते आणि पाय गळून पडतो. मोठ्या जर्बिलने ते गिळले तर आतड्यांत अडकतात. सुती दोरा, लोकर, चिंध्या ह्यांनाही हेच लागू आहे. देवदार-चीड ह्यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसाही नको.

पाणी पिण्याची नळी घरट्यावर ठिबकत नाही ना, हे रोज पाहावे. एका रात्रीत भिजलेले घरटे संपूर्ण वेत संपवू शकते. पेटीतील फिरते चाक काढून ठेवावे, कारण मादी पिल्ले टाकून त्यात पळत बसते, आणि पुढे रांगणारी पिल्ले त्याखाली सापडतात. जड वस्तू तळावर पक्क्या टेकवलेल्या असाव्यात. जर्बिल त्यांच्याखालची माती उकरतो आणि ती वस्तू पिलांवर बसते. मुंग्यांचे भय तर आपल्याकडे नेहमीचेच. पेटी टेबलावर ठेवून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी घरगुती युक्ती येथे फार उपयोगी पडते. मुंग्या मारण्याची पूड किंवा खडू मात्र त्या खोलीतही आणू नये.

उन्हाळ्यातील वेताची गोष्ट वेगळी. मे-जूनमध्ये जयपूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि मंगोलियाच्या गवताळ पठारावरून आलेल्या ह्या प्राण्याला वीस ते पंचवीस अंशांचीच हवा मानवते. वाळवंटी प्राणी म्हणून त्याला ऊन सोसत असेल, हा समज चुकीचा आहे. राजस्थानातील मरुभूमीतला त्याचा चुलतभाऊदेखील दुपारचे ऊन सोसत नाही. तो खोल बिळात उतरतो, जेथे जमिनीचा थंडावा आणि दमट हवा त्याला मिळते. काचेच्या पेटीला तळघर नसते. तेव्हा ती तळमजल्याच्या खोलीत, भिंतीलगत, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावी आणि आत मकराण्याच्या संगमरवराचा एक तुकडा टाकून ठेवावा. मोठे जर्बिल त्यावर पोट टेकून पडतात. कूलर खोलीत चालू ठेवण्यास हरकत नाही; त्याचा झोत पेटीवर नसावा, आणि खिडकी उघडी असावी. पाण्याचा कूलर, किंवा पूर्वीच्या वाळ्याच्या ताट्या, हवा थंड करतात त्याबरोबरच ओलीही करतात. आणि ओल्या हवेत जर्बिलची लव चिकट होऊन विस्कटते, श्वासाचे विकार जडतात.

खाण्याच्या बाबतीत राजस्थानचे कोठार ह्या प्राण्याला अनुरूपच आहे. बाजरी, ज्वारी, गहू, थोडी सूर्यफुलाची बी हा रोजचा शिधा. पाजणाऱ्या मादीला त्याहून अधिक पौष्टिक अन्न लागते. मोड आलेले मूग किंवा भिजवलेले हरभरे, उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा, आणि जेथे अंडे चालत नाही त्या घरात ताज्या पनीरचा कण तिला द्यावा. एरवी जर्बिल पाणी अगदी जेमतेम पितो, आणि म्हणून काही घरांत बाटली भरण्याची सवयच सुटते. पाजत्या मादीला ही हयगय सोसत नाही. ज्या माद्या पिल्ले खातात त्यांच्यापैकी कित्येकींच्या बाबतीत तहान, प्रथिनांचा अभाव किंवा सततचा त्रास हेच कारण निघते. मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले पिल्लूही मादी खाऊन टाकते. पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते. पण बंद बिळात कुजणारे प्रेत ठेवणे हे उरलेल्या पिलांसाठी अधिक भयंकर ठरले असते.

सारे ठीक चालले आहे हे न हाताळता कसे ओळखावे? मादी घरट्याबाहेर खाण्यास गेली असता दुरूनच डोकवावे. पिल्ले एकमेकांना चिकटून पडलेली असावीत, आणि त्यांच्या पोटाच्या पातळ कातडीतून दुधाची पांढरी पट्टी दिसावी. ती दिसली की निश्चिंत मनाने झाकण लावावे. मादी तासन्‌तास घरट्याबाहेर दिसते म्हणून घाबरण्याचे कारण नाही. विशेषतः त्या वेळी आत नर बसलेला असेल तर मुळीच नाही.

ह्या नराविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण अनपेक्षित वेतात सर्वाधिक अन्याय त्याच्यावर होतो. बोका किंवा उंदीर ह्यांच्या उदाहरणावरून लोक समजतात की नर पिल्ले खाईल, आणि घाईघाईने त्याला वेगळा काढतात. मंगोलियन जर्बिल ह्या बाबतीत निराळा आहे. रॉबर्ट एलवुड ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नर आणि मादी ह्यांच्या वागणुकीची तुलना केली होती. घरटे बांधणे, पिलांवर अंग टाकून ऊब देणे, त्यांना चाटणे ह्या कामांत नर मादीच्या बरोबरीने भाग घेतो असे त्यात दिसून आले. दूध पाजणे एवढेच काय ते त्याला येत नाही. असा जोडीदार एकदा काही दिवस दूर ठेवला आणि पुन्हा पेटीत सोडला, तर मादी त्याला परका समजून रक्तबंबाळ करण्याचाही संभव असतो.

तरीही नराचा प्रश्न उरतोच, आणि तो गंभीर आहे. पिल्ले जन्मल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा फळते. पहाटे चिवचिवाट ऐकून घरातील माणसे जागी होईपर्यंत दुसऱ्या वेताची सुरुवात बहुधा होऊन गेलेली असते. म्हणजे सकाळी नराला बाहेर काढल्याने दुसरे वेत टळत नाही. पिलांची दाई मात्र जाते. निसर्गाने येथे एक सोय केलेली आहे. पाजत असलेल्या मादीच्या गर्भाशयात नवे गर्भ रुजण्यास विलंब लागतो, त्यामुळे दुसरे वेत एरवीच्या चोवीस दिवसांऐवजी पाच-सहा आठवड्यांपर्यंत लांबू शकते. अंगावर पिणारी पिल्ले एक-दोनच असतील तर हा विलंब नसल्यासारखाच होतो. तेव्हा पहिले वेत अनपेक्षित होते, हे कोणीही मान्य करील. दुसरे तसे म्हणता येणार नाही. आणि नराला दुसऱ्या वेताच्या वेळीही पेटीत राहू दिले, तर तिसऱ्याची तारीखही आजच सांगता येते.

ह्याचा हिशेब अगदी घरगुती आहे. पहिली पिल्ले १ जानेवारीस झाली असे धरू. दुसरे वेत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तिसरे मार्चच्या उत्तरार्धात. आणि तोवर पहिल्या वेतातील पिल्ले स्वतः वयात येण्याच्या बेतात असतात, कारण ह्या प्राण्याला त्यासाठी अडीच-तीन महिनेच पुरतात. एकत्र कुटुंबात आई आपल्या मुलींना सहसा विण्याची मुभा देत नाही. तिच्या केवळ अस्तित्वाने त्यांचे प्रजनन दबून राहते. पण ह्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. एखाद्या मुलीने हे बंधन झुगारले की मायलेकींत अशी मारामारी जुंपते की एक मेल्याशिवाय ती थांबत नाही. एक छोटी पेटी, दोन मोठे, पंधरा-सोळा पिल्ले, आणि मार्च महिना. पुढे उन्हाळा उभा. संकट खरे ते हे. वाळूत मोकळ्या नांदणाऱ्या वसाहतीत ससाणा, साप, मुंगूस, अवर्षण ह्या संख्येला आवर घालतात. पेटीत ते काम पाळणाऱ्याच्या डोक्याने केले पाहिजे.

तोवर पिल्ले मोठी होत असतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास कान सुटे होतात, आठवडा संपता संपता अंगावर मखमलीसारखी लव दिसू लागते, बाराव्या दिवसानंतर पटाशीचे दात फुटतात. दोन आठवड्यांची पिल्ले डोळे मिटलेलेच घेऊन घरट्याबाहेर रांगू लागतात. आई त्यांना मानेला धरून परत नेते, ती पुन्हा निघतात. हा खेळ दिवसभर चालतो. गजांचा पिंजरा असेल तर ह्याच दिवसांत ती गजांमधून निसटतात, आणि मग बाहेर घरचे मांजर असतेच. सोळा ते वीस दिवसांच्या दरम्यान डोळे उघडतात. आता बाजरीचे दाणे, बारीक केलेले फुटाणे खाली पसरून ठेवावेत आणि पाण्याची नळी त्यांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली आणावी. ह्या छोट्याशा गोष्टीचा विसर पडल्याने तीन आठवडे आईने जपलेली पिल्ले चौथ्या आठवड्यात तहानेने दगावल्याची शक्यता असते. हाताळणीही आताच सुरू करावी : हाताला घरट्यातील भुसा चोळून, क्षणभर, ओंजळीत. शेपटीला धरून मात्र कधीही उचलू नये. तिचे कातडे मोज्यासारखे निघून हातात येते आणि ते पुन्हा उगवत नाही.

चार आठवड्यांच्या सुमारास दूध तुटते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नर-पिलांच्या शेपटीखालचा भाग फुगीर व गडद दिसू लागतो आणि पारख करता येते. चौथा आठवडा संपता संपता, किंवा मादीचे पोट वाढलेले दिसताच त्याआधीही, नराला दुसऱ्या पेटीत न्यावे. मुलग्यांची ओळख पटेल तसे त्यांना बापाजवळ पोहोचवावे. मुली आईपाशी राहतील. आठ आठवडे पुरे होण्याआधी ही विभागणी झालीच पाहिजे. ह्या वाटणीने कोणी एकटा पडत नाही, आणि जर्बिलसारख्या कुटुंबवत्सल प्राण्याला एकटेपण फार जाचते.

आई मेली तर काय, हा प्रश्न उरतो. येथे खोटी आशा देणे बरे नव्हे. आठवड्याच्या आतील नागडी पिल्ले हातावर वाढवण्याचे प्रयत्न क्वचितच यशस्वी होतात. त्याच सुमारास व्यालेली दुसरी मादी मिळाली तर तिच्या घरट्यात पिल्ले मिसळून देणे हा सर्वांत चांगला उपाय होय. ते शक्य नसेल तर बत्तीस ते पस्तीस अंशांची सौम्य ऊब, मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटी, आणि बारीक कुंचल्याच्या टोकाने दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, एकेक थेंब. पिल्लू पोटावर ठेवूनच पाजावे. उताणे केल्यास दूध फुप्फुसांत जाते. पाजल्यावर कोमट ओल्या बोळ्याने पोटाखाली हलके पुसावे, कारण आईच्या चाटण्यावाचून त्याला लघवी होत नाही. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, मग दूध.

हे काम एकदा फार मोठ्या प्रमाणावर फळाला आले, त्याची हकीगत येथे आठवते. ती जर्बिलची नसून त्याच्या दूरच्या नातलगाची, हॅमस्टरची आहे. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल आहारोनी ह्यांच्यासाठी सीरियातील अलेप्पो शहराजवळ एका शेतात खोल खणून हॅमस्टरची एक मादी आणि तिची अकरा पिल्ले बाहेर काढण्यात आली. उघड्यावर येताच मादीने जवळच्या पिलाला मारले. उरलेली वाचावीत म्हणून माणसांनी मादीलाच मारले, आणि अजून डोळेही न उघडलेली दहा पिल्ले आहारोनी पतिपत्नींनी ड्रॉपरने दूध पाजून वाढवली. त्यांतून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जी प्रजा निर्माण झाली, ती पुढे जगभर पसरली. मादीला मारण्याचा तो निर्णय आज कोणी घेऊ नये. तिला काही काळ अंधारात एकटी पिलांसह सोडले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण पुन्हा डोकावायला शास्त्रज्ञांचा हात धजला नाही असे मात्र घडले नाही.

जयपूरच्या आसपास अनपेक्षित वेत येण्याची दुसरीही एक वाट आहे. बाजरी काढून रब्बीसाठी शेत नांगरताना फाळाने टाटेराचे बीळ फुटते आणि गवताच्या गोळ्यात पिल्ले उघडी पडतात. शेतावरची मुले ती ओंजळीत घालून घरी आणतात. ही पिल्ले घरी वाढवण्याच्या भरीस पडू नये. टाटेरा हा पाळीव प्राणी नव्हे. आणि बाल्ताझार व बहमन्यार ह्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील प्लेगविषयक संशोधनात, रानातील प्लेगच्या संदर्भात ह्याच जर्बिलला महत्त्वाचे स्थान मिळाले होते. त्याच्या अंगावरील पिसवांशी सलगी नको. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला लावून पिल्ले त्याच गवतासह फुटलेल्या बिळाच्या तोंडाशी, सावलीत ठेवावीत, वर सुटे गवत टाकावे आणि निघून जावे. मादी जिवंत असेल तर अंधार पडल्यावर ती त्यांना घेऊन जाईल. शेतात विषारी आमिष टाकलेले असेल तर ती बहुधा येणार नाही. ज्या शेतकऱ्याची पेरणी ह्याच प्राण्याने उकरून खाल्ली, त्याला ह्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार काचेची पेटी बाळगणाऱ्या शहरवासीयाला नाही.

उलट प्रकारची भूतदयाही टाळली पाहिजे. पेटीतील जर्बिल फार झाले म्हणून ते नाहरगडच्या टेकड्यांवर किंवा सांभरच्या वाळूत नेऊन सोडणे, ‘वाळवंटी प्राणी वाळवंटात गेला’ असे म्हणून समाधान मानणे, ही त्या प्राण्याची सुटका नव्हे. पेटीत अनेक पिढ्या वाढलेल्या ह्या जर्बिलला ना बीळ खोदण्यास सुरक्षित जागा ठाऊक, ना ससाण्याची सावली ओळखीची. तो जगला तरी येथील भूमीत परक्या जातीची भर पडते, आणि तीही इष्ट नाही. दुकानात परत देण्याचा मार्ग बरेच जण सुचवतात. प्राणी विकणाऱ्या दुकानांवर २०१८ च्या केंद्रीय नियमांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीचे बंधन घातले आहे; तेव्हा निदान दुकान नोंदणीकृत आहे का, एवढे विचारण्यास संकोच करू नये. त्यापेक्षा ओळखीची घरे शोधणे बरे.

ती घरे वेत झाल्यापासूनच शोधू लागावे, कारण आठ आठवडे भराभर निघून जातात. पिल्ले नेहमी जोडीने द्यावीत, दोन भाऊ किंवा दोन बहिणी. आणि पारख पुन्हा एकदा, दिवसाच्या उजेडात, दोघांनी मिळून करावी. नव्या घरी गेल्यावर कोवळ्या जर्बिलला कधी कधी झटका येतो : अंग थरथरते, कान मागे पडतात, तो ताठ होतो. मिनिटा-दोन मिनिटांत तो सावरतो. त्या वेळी त्याला हलवू नये, पाणी पाजू नये. पेटी झाकून शांत ठेवावी. हे आधीच सांगितले नाही तर घेणारा घाबरून त्याला मेला समजतो. म्हणून पिल्ले देताना बरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत जन्मतारीख, नर की मादी, काय खातात, आणि ह्या झटक्यांविषयी दोन ओळी असाव्यात. आणि जुन्या घरट्यातील मूठभर कपटे एका पुडीत बांधून द्यावेत, म्हणजे पहिल्या रात्री नव्या पेटीत त्यांना ओळखीचा वास मिळेल.